चेष्टा

"शुभदा जी, आप चेष्टा बहुत करती हैं," विजयालक्ष्मीजी माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, आणि होते त्या अवस्थेत मी गार पडले. चोरी पकडली गेली की होतं ना, तसं. बालासन चाललं होतं. नाव बाल, पण करणाऱ्या सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या: टाचांवर बसायचं, पुढे वाकायचं आणि कपाळ जमिनीला टेकवायचं. माझं कपाळ काही केल्या टेकत नव्हतं, आणि मी दातओठ खाऊन खाली जायला बघत मनातल्या मनात एक वाक्य घोळवत होते, की कपाळाची फाइल खाली जायला एका पायावर तयार आहे हो, पण मधे पोटाने स्टे ऑर्डर आणलीय. क्लास सुटल्यावर चहाच्या वेळी हे सोडायचं, वरच्या मजल्यावरच्या मिसेस खुराना हसून हसून ठसकणार, हेसुद्धा ठरलं होतं. नेमका तेव्हाच बाईंचा तळवा माझ्या पाठीवर पडला. चेष्टा बहुत करती हैं. वर आणखी, "चेष्टा छोड़ दीजिए, फिर देखिए क्या होता है." आणि गेल्या पुढच्या चटईकडे. मी तशीच, नाक जमिनीपासून वीतभर वर. यांना कळलं कसं? मी तर तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

हा क्लास दिल्लीतल्या द्वारकेत, आमच्या सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये भरतो, सकाळी सहाला. एरवी बागेत असतो, पण दिवाळीनंतर बाहेर श्वास घेणं म्हणजे बिडी ओढण्यातलाच प्रकार, म्हणून आत. विजयालक्ष्मीजी सरकारी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यात. त्यांची हिंदी रेडिओवरच्या बातम्यांसारखी, साँसला श्वास म्हणणार, पाठीला मेरुदंड. मी काही आत्मज्ञानासाठी गेले नव्हते, गुडघ्यांसाठी गेले होते. डॉक्टर म्हणाले, तुमचं सगळं वजन गुडघ्यांवर येतंय. मी म्हटलं, मग आणखी कुणावर टाकू? डॉक्टर हसले. सगळे हसतात. मी छप्पन्न वर्षांची, मूळची मिरजेची, दिल्लीत एकतीस वर्षं, एका मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर, आणि अंगाने, आता काय सांगू, भरपूर. जिथे जाईन तिथे लोक म्हणतात, शुभदा मॅडम आल्या, अब मज़ा आएगा. मला ते आवडतं. आवडायचं.

त्या दिवशी ऑफिसात फायली पुढ्यात होत्या आणि डोक्यात तो एक शब्द. थट्टा नाही, मस्करी नाही, चेष्टा. आई म्हणायची तो शब्द. "शुभे, चेष्टा पुरे," असं ती म्हणाली की समजायचं, आता पुढचा शब्द नाही, पुढे धपाटा आहे. दिल्लीत हा शब्द कुणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि ऐकला तो अशा बाईकडून, की जिला माझ्याबद्दल पाठीचा आकार सोडून काही ठाऊक नाही. घरी गेल्यावर राजीव म्हणाला, "आज गप्पशी?" राजीव माझा नवरा. हवामान खात्यात तेहतीस वर्षं काढली, देशभरच्या ढगांचा अंदाज सांगतो, पण घरातलं हवामान मात्र… बघा. हे असं. सुचतं आणि तोंडून जातं. त्या रात्री जेवताना मी हे वाक्य गिळलं आणि नुसतं म्हटलं, "काही नाही, दमले." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि कोशिंबिरीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

सहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगला कुंभकर्णाचं काम मला दिलं. मला विचारलंसुद्धा नाही, बाईंनी यादीत सरळ नाव लिहिलं. मुलींच्या शाळेत रावण कोण, राम कोण यावरून भांडणं झाली, कुंभकर्णावरून कुणी भांडलं नाही. तालमीच्या पहिल्या दिवशी घरी येऊन मी मोरीचं दार लावून रडले, नळ सोडून, म्हणजे आवाज जायला नको. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रडून झालं आणि मला अक्कल आली, की लोक हसायचे ते हसणारच, मग आपणच आधी हसवावं. गॅदरिंगला मी असं काही घोरले की शेवटच्या रांगेपर्यंत माणसं लोटपोट झाली. पुढे कॉलेजात, नोकरीत, लग्नात मी हेच केलं. राजीव मला बघायला आला तेव्हा त्याच्या काकांनी विचारलं, पोहे कुणी केले? मी म्हटलं, "मीच केले, आणि तुम्ही नाही म्हणालात तर संपवणारही मीच." काका बघत राहिले आणि राजीवला हसता हसता ठसका लागला. तिथेच ठरलं आमचं. त्यानंतर तीस वर्षांत तो माझ्या अंगाबद्दल चांगलं-वाईट काही बोललेला नाही. खरं म्हणजे मी त्याला बोलायला फट ठेवलीच नाही, त्याच्या आधी माझं बोलून व्हायचं.

आणि मग रुचिरा. आमची एकुलती एक, सत्तावीस वर्षांची, नोएडाला आयटी कंपनीत. ती माझ्यावर गेली. नाक राजीवचं, बाकी सगळी मी: तेच खांदे, तेच दंड, तीच चाल. पाठमोऱ्या उभ्या राहिलो तर शेजारचे अजून चुकतात. गेल्या फेब्रुवारीत केतनचे आईबाबा ठाण्याहून आमच्याकडे आले. केतन तिच्याच ऑफिसातला, दोघांनी आपापलं ठरवलेलं, ही फक्त भेट. माणसं साधी. केतनच्या आई कौतुकाने म्हणाल्या, "रुचिरा अगदी तुमच्यावर गेलीय हो." आणि मी म्हणाले, "हो ना, नमुना समोर आहे, नीट बघून घ्या. तीस वर्षांनी पदरात काय पडणार ते आत्ताच कळतंय, मागाहून तक्रार चालायची नाही." काय हसले सगळे! केतनचे बाबा तर टाळी द्यायला उठले. रुचिराही हसली. हसत हसत बशा गोळा करून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मार्चमध्ये ती नोएडाला राहायला गेली, संपदा नावाच्या मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन. ऑफिस लांब पडतं म्हणाली. तीन वर्षं मेट्रोने जाऊन येऊन करत होती, तेव्हा लांब पडत नव्हतं. आता लग्न येत्या फेब्रुवारीत, आणि लक्ष्मीपूजनाला आली तेव्हा एक चकली मोडून खाता खाता म्हणाली, "साड्याबिड्या मी आणि संपदा बघतो गं. तू दगदग नको करूस." मुलीच्या लग्नाच्या साड्या, आणि आईने दगदग करू नये. मी म्हणाले, बरं. त्या रात्री मला कळून चुकलं, की लग्नात आपण असणार, अक्षता टाकणार, फोटोत उभ्या राहणार, पण पोरगी आपल्या हातातून गेलेली असणार. मला ती परत हवी होती. कशी, ते कळत नव्हतं.

म्हणून तो शब्द इतका लागला. मी ठरवलं, सोडून बघू या चेष्टा. दुसऱ्या दिवसापासून सुरुवात. विनोद आला की बोलायचा नाही, एवढंच व्रत. सोपं वाटलं होतं! ऑफिसात संग्राम, माझ्या हाताखालचा पोरगेलासा असिस्टंट, बढतीचे लाडू घेऊन आला, "मॅडमसाठी दोन." एरवी मी म्हटलं असतं, दोन कसले, डबा ठेव आणि तू निघ. ते ओठावर आलं. मी थांबले. आणि थांबल्यामुळे एक गंमत दिसली, की माझे खांदे वर गेले होते, पोट आत ओढलेलं होतं आणि श्वास गळ्यापाशी अडकला होता, रस्ता ओलांडताना अंगावर गाडी आली की होतं तसं. समोर काय होतं, तर बेसनाचा लाडू. मी म्हटलं, "एक पुरे. अभिनंदन." खांदे हळूहळू खाली आले. संग्राम म्हणाला, "मॅडम, तब्येत ठीक आहे ना?" मग मी हे रोज बघायला लागले. लिफ्टमध्ये लोक सरकून जागा करतात तेव्हा खांदे वर. आरसा आला की वर. कुणी कौतुक केलं तर सगळ्यात वर. दिवसातून चाळीस वेळा माझ्या अंगावर गाडी येत होती आणि मी चाळीस वेळा विनोद करून ती चुकवत होते. पंचेचाळीस वर्षं! मला स्वतःची इतकी दया आली की केबिनचं दार लोटून पाच मिनिटं बसून राहिले.

विजयालक्ष्मीजींना मी काही बोलले नाही. त्याही त्यावर काही बोलल्या नाहीत. फक्त एका सकाळी बालासनात त्यांनी माझे गुडघे हलकेच फाकवले, एक घोंगडी घडी करून माझ्या कपाळाखाली सरकवली आणि म्हणाल्या, "धरती को थोड़ा ऊपर बुला लेते हैं." कपाळ टेकलं. पोट दोन मांड्यांच्या मधे उतरलं आणि तिथे बसलं. त्याला जागा हवी होती फक्त, इतके दिवस मी ते दाबत होते. श्वास घेतला की पाठ रुंद व्हायची, सोडला की पोट मांड्यांवर टेकायचं, उबदार, जड, माझं. त्याच्याबद्दल मला काही सुचलं नाही. याच पोटात रुचिरा होती, नवव्या महिन्यापर्यंत मी हे घेऊन चार्टर्ड बसने ऑफिसला गेले, बसमधल्या बायका मला खिडकी द्यायच्या, आणि त्यांना मी हसवायची. तेव्हासुद्धा. आता हॉलमध्ये प्युरिफायर घूं घूं करत होता, मिसेस खुराना चक्क घोरत होत्या, आणि मला बरं वाटत होतं. सरळ सांगते, फार बरं वाटत होतं. असं कारण नसताना बरं वाटलेलं मला आठवत नाही. घरी येताना जिना चढले, गुडघे दुखले, दुखू दे म्हटलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी रुचिरा आली. लग्नाच्या नोंदणीसाठी तिचा जन्माचा दाखला हवा होता. अकराला येते म्हणाली होती, साडेनऊलाच आली, स्वतःच्या किल्लीने दार उघडून. राजीव भाजी आणायला गेला होता. मी हॉलमध्ये चटईवर, राजीवचा जुना टी-शर्ट घालून, दोन्ही पायांचे तळवे एकमेकांना लावून गुडघे बाजूला पसरून बसलेली. तिने मला पाहिलं आणि वाक्य तयारच होतं: ये, क्रेनवाल्याला फोन केलाय, येतच असेल. खांदे वर गेले. मी ते बघितले. मग म्हटलं, "ये." बस. ती एक बूट पायात आणि एक हातात घेऊन उभी राहिली. वाट बघत होती. मी पुढे काही बोलत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

"आई, तू ठीक आहेस ना?"

"ठीक आहे की."

"नक्की? बीपी चेक केलं? मी तुला असं बसलेलं पाहतेय, आणि तू एक पण जोक नाही मारलास?"

"सोडलंय मी ते."

"सोडलंय म्हणजे? क्या हुआ यार, घाबरवू नकोस."

मग मी तिला सांगितलं. त्या दिवशी बाई पाठीवर हात ठेवून काय म्हणाल्या, त्यांनी माझ्या मनातलं कसं ओळखलं, आणि तेव्हापासून मी कशी रोज चेष्टा सोडतेय, सगळं. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एक मिनिट. चेष्टा सोडायची म्हणजे?" मी म्हटलं, "चेष्टा गं. थट्टा. तुमच्या भाषेत मज़ाक." ती म्हणाली, "मराठीत चेष्टा म्हणजे मज़ाक?" मी म्हटलं, "मग काय समजत होतीस तू?" आणि ती दारातच खाली बसली, हातातला बूट छातीशी धरून, आणि हसायला लागली. "आई! चेष्टा म्हणजे कोशिश! हिंदीत! शाळेत होतं आम्हाला, बालक ने उठने की बहुत चेष्टा की! त्या सांगत होत्या, इतका ज़ोर नको लावू. रिलॅक्स कर. बास!"

ऑफिसातल्या हिंदी पखवाड्यात निबंधाचं दुसरं बक्षीस घेतलेली बाई मी. प्रयत्न, प्रयास, कोशिश, सगळं पाठ, आणि चेष्टा म्हटल्यावर सरळ मिरजेला पोचले. मला असं हसू फुटलं की तळव्यांची पकड सुटली आणि मी चटईवर आडवीच झाले, पोट गदगदा हलतंय, डोळ्यांतून पाणी. ती दाराशी हसतेय, मी जमिनीवर. वर्षभरात आम्ही दोघी एका खोलीत अशा हसलो नव्हतो. मग हसू ओसरलं. छताकडे बघत मी पडून राहिले आणि मला दिसलं, की आता सुटायला दार उघडं आहे. सगळा घोटाळाच होता, कुणी मला काही म्हणालंच नव्हतं, झालं गेलं हसण्यावारी गेलं. उद्यापासून पुन्हा मोकळी. मी उठून बसले.

"त्या काय म्हणाल्या ते राहू दे," मी म्हटलं. "मला ऐकू आलं ते खोटं नव्हतं. केतनचे आईबाबा आले होते तेव्हा मी जे बोलले ना, नमुना बघून घ्या म्हणून, ते बोलायला नको होतं. मी चुकले, रुचिरा."

तिने बूट खाली ठेवला. मग म्हणाली, "तू मला कुठे काय बोलली होतीस? तू तर स्वतःला बोललीस."

"हो, पण…"

"तेच तर ना. आई, मी तुझ्यासारखी दिसते. सेम टू सेम. लहानपणापासून सगळे हेच सांगतात, आणि मला आवडायचं ते, खरंच. आणि तू मात्र लोकांसमोर स्वतःला हसायचीस. कंबर, दंड, चालणं. रोज. मग मला काय वाटत असेल? तू कुणाला हसतेस असं वाटत असेल?"

मला लाज वाटली. इतकी, की कान गरम झाले. पंचेचाळीस वर्षं मी समजत होते, माझं अंग, माझा विनोद, कुणाच्या बापाचं काय जातं? आणि याच घरात, याच अंगाची एक मुलगी माझ्यासमोर वाढली, माझा प्रत्येक विनोद ऐकत, बशा गोळा करत. तिला मी कधी जाडी म्हटलं नाही याचा मला अभिमान होता. "माझ्या हे लक्षातच आलं नाही गं," एवढंच म्हणाले. "माहितीये," ती म्हणाली, आणि जवळ येऊन तिने मला उठायला हात दिला. मी तो धरला. गुडघे करकरले, ती मागे रेलून ओढत राहिली, आणि मी उभी राहिले.

मग मी थालीपिठं लावली. तिने दोन खाल्ली, लोण्याबरोबर, तिसऱ्यातलं अर्धं. मीही खाल्ली. राजीव भाजी घेऊन आला, आम्हा दोघींची तोंडं पाहिली आणि कोथिंबीर निवडायला बसला. हवामान त्याला बरोबर कळतं, माझंच बोलणं उगाच होतं. जन्माचा दाखला पिशवीत घालता घालता रुचिरा पिशवीकडेच बघत म्हणाली, "ब्लाउज शिवायला टाकायचेत. दोन साड्या घेतल्यात, बरोबर आणल्यात. संपदाला आज वेळ नाहीये." रविवार होता, आणि माझ्या माहितीप्रमाणे संपदा रविवारी बारापर्यंत झोपते. "तू येतेस?"

मी साडी नेसले, शाल घेतली, आणि आम्ही रिक्षाने मार्केटमध्ये मास्टरजींकडे गेलो. बेसमेंटमधलं दुकान, रुचिराचे शाळेचे युनिफॉर्म याच मास्टरजींनी शिवलेले, माझे ब्लाउजही तेच शिवतात. बाकावर दोन पंजाबी बायका आपापल्या कपड्यांची वाट बघत बसल्या होत्या. साड्या बाहेर निघाल्या, एक मोरपंखी आणि एक गाजरी रंगाची, आणि त्या बायकाही हात लावून बघायला लागल्या. रुचिरा आरशासमोर हात पसरून उभी राहिली. मास्टरजींना मापं मनात घेताच येत नाहीत, पहिल्यापासून मोठ्याने म्हणतात. छाती बयालीस. कमर अड़तीस. बाजू. मग त्यांनी चष्मा वर केला, मापांची वही चाळून माझं पान काढलं, एकदा वहीत पाहिलं, एकदा टेपकडे, आणि आनंदाने ओरडले, "अरे वाह! बेटी का तो बिल्कुल मम्मी वाला नाप है!"

बाकावरच्या बायका हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. मास्टरजीही वळले. वीस वर्षांची ओळख, त्यांना माहीत होतं की आता मॅडम काहीतरी बोलणार. सुचलं नाही असं नाही, तीन वाक्यं सुचली, तिन्ही चांगली होती. रुचिरा आरशातून माझ्याकडे बघत होती. मी शाल सावरली आणि तिच्याकडे बघत उभी राहिले. कुणीच काही बोलत नाही म्हटल्यावर दुकानात जरा अवघडल्यासारखं झालं, मशीनवरचा कारागीरही थांबला. मग रुचिरा आरशातून नजर न काढता, पसरलेले हात तसेच ठेवून म्हणाली,

"हाँ जी, मम्मी वाला ही है. वही लिख दीजिए."

मास्टरजींनी कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिलं.